अपलोडचा आकडा आधी विचारा

डोकं-मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन म्हणजे शेकडो चकत्यांची चळत. एक चकती ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे चकतीमागे साधारण अर्धा एमबी. ५०० चकत्या धरल्या की फाइल होते २५० एमबीची. बाइटला आठ बिट, म्हणून हे ओझं २,००० मेगाबिटचं. दवाखान्याच्या इंटरनेट लाइनला अपलोड, म्हणजे बाहेर पाठवायचा वेग, १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) असेल तर फाइल दूरच्या तज्ज्ञाकडे पोचायला ३३ मिनिटं लागतात. २० एमबीपीएस असेल तर १०० सेकंद. फाइल दाबून निम्मी केली तरी फरक वीसपटच राहतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबून झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हे लक्षात घेऊन त्या अर्ध्या तासाकडे पाहावं.

इंटरनेटच्या जाहिरातीत मात्र डाउनलोडचाच आकडा मिरवतो. सिनेमा पाहायला तो पुरतो. कमाईची कामं बहुतेक वेळा उलट्या दिशेने जातात: शिकवणीचा तास, घराचा आराखडा, बिघडलेल्या यंत्राचा तज्ज्ञाला दाखवायचा व्हिडिओ.

देशाच्या पातळीवरचा फायदा मोजणं अवघड आहे. जागतिक बँकेच्या २००९च्या अहवालातला आकडा वारंवार दिला जातो: दर १०० लोकांमागे १० ब्रॉडबँड जोडण्या वाढल्या की विकसनशील देशांच्या आर्थिक वाढीचा दर १.३८ टक्का-बिंदूंनी जास्त. तो जपूनच वापरावा. भरभराटीला येणारा देश केबलही जास्त टाकतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे नीट सुटत नाही. नॉर्वेतला अभ्यास जास्त पटणारा आहे. तिथे सरकारी कार्यक्रमातून ब्रॉडबँड वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वर्षी पोचलं, म्हणून तुलना करता आली. उच्चशिक्षितांची उत्पादकता आणि पगार वाढले. ठरावीक साच्याची कामं करणाऱ्या कमी शिकलेल्यांना फटका बसला. आफ्रिकेतल्या अभ्यासात चित्र वेगळं निघालं. समुद्री केबल किनाऱ्याला लागल्यावर मुख्य वाहिनीजवळच्या भागांत रोजगार वाढला, आणि तो कमी शिकलेल्यांचाही वाढला.

यातलं काहीही घडायला लाइन चालू असावी लागते, आणि ती बहुतेकदा शेवटच्या टप्प्यात अडते. घरोघरच्या फायबरमध्ये एकाच काचेच्या तंतूतला प्रकाश स्प्लिटरने, म्हणजे प्रकाश विभागणाऱ्या भागाने, ३२ घरांत वाटतात. प्रकाशाची घट डीबीत (डेसिबल) मोजतात, आणि पातळी डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे धरून हिशेब असा: कंपनीच्या एक्स्चेंजमधून निघताना +३ डीबीएम. स्प्लिटर १७ डीबी खातो, १० किलोमीटरचं फायबर ३, चार कनेक्टर २, सहा जोड मिळून ०.६. घरात पोचतात उणे १९.६ डीबीएम. फायबर जिथे संपतं त्या घरातल्या डब्याची (ओएनटी) ऐकण्याची हद्द साधारण उणे २७ असते, म्हणजे सात डीबीची सवड उरली. कनेक्टरच्या टोकावर बसलेला धुळीचा कण किंवा कपाटामागे दाबलेलं वळण ती खाऊन टाकू शकतं. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नये. डब्यावरचा लाल एलओएस (सिग्नल हरवल्याचा) दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही, हे लगेच कळतं. पातळी हद्दीशी घुटमळत असते तेव्हा दिवे हिरवेच राहतात, फक्त व्हिडिओ कॉल अधूनमधून तुटतो. ग्राहक राउटर बदलत बसतो आणि दोष असतो भिंतीतल्या वळणात. म्हणून तक्रार करताना ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावरची 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची पातळी, वाचून सांगावी.

विजेचाही प्रश्न आहे. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून अंधारातही तो वाजायचा. काचेतून वीज जात नाही. दिवे गेले की डबा बंद, आणि आणीबाणीचा फोनही बंद. डब्याला आणि राउटरला मिळून साधारण १५ वॅट लागतात. १२ व्होल्टचा लहान यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो. व्होल्टेज आणि पिनचा प्लस-मायनस तेवढा आधी जुळवून घ्यावा.

गावाची किंवा बेटाची पूर्ण मदार एकाच वाहिनीवर असेल तर घरातल्या यूपीएसने काही होत नाही. जानेवारी २०२२मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात टोंगा या प्रशांत महासागरातल्या द्वीपदेशाची समुद्री केबल तुटली, आणि मुख्य जोडणी सुरू व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. दुसरी वाहिनी टाकताना तिचा मार्गही निराळा हवा. दोन्ही फायबर एकाच चरातून नेले, की खोदकामाच्या यंत्राचा एकच दात दोन्ही तोडतो.