एका दिवसाची हवा आणि पक्षाघाताचा धोका

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. पक्षाघाताचे बहुतांश झटके या प्रकारचे असतात. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही त्यामागची कारणे सर्वपरिचित आहेत, आणि वर्षानुवर्षे प्रदूषित हवेत राहिल्यानेही धोका वाढतो हे आता मान्य झाले आहे. मात्र केवळ एका दिवसाची खराब हवा झटक्याचे निमित्त ठरू शकते का, हा प्रश्न अधिक नाजूक आहे.

त्याचे उत्तर शोधताना संशोधक सहसा रुग्णाची तुलना निरोगी माणसाशी न करता त्याच रुग्णाशी करतात. झटका आला त्याआधीच्या काही तासांतील हवा आणि त्याच महिन्यातील, त्याच वारी, पण झटका न आलेल्या दिवसांची हवा यांची तुलना केली, की वय, आनुवंशिकता, धूम्रपानाची सवय यांचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण दोन्ही दिवशी माणूस तोच असतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९९९ ते २००८ या काळातील १,७०५ रुग्णांचा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुठळीमुळे आलेल्या पक्षाघाताचा धोका, अमेरिकी हवा गुणवत्ता निर्देशांकानुसार ‘मध्यम’ ठरलेल्या हवेत चोवीस तास घालवल्यानंतर, ‘चांगल्या’ हवेच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि सूक्ष्म कणांचे प्रमाण वाढल्यानंतर साधारण १२ ते १४ तासांनी हा संबंध सर्वांत ठळक होता. इथे ‘मध्यम’ म्हणजे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांचे प्रमाण घनमीटरमागे १५ ते ४० मायक्रोग्रॅम. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात ३० पर्यंतची हवा ‘चांगली’ आणि ६० पर्यंतची ‘समाधानकारक’ गणली जाते. म्हणजे बॉस्टनमध्ये धोक्याशी जोडली गेलेली हवा मुंबई-पुण्याच्या फलकावर हिरव्या रंगातच दिसेल.

तरीही ३४ टक्के हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये २८ देशांतील अभ्यास आणि सुमारे ६२ लाख घटना एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पीएम २.५ मध्ये दर १० मायक्रोग्रॅमच्या वाढीमागे पक्षाघातासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका जेमतेम एक टक्क्याने वाढलेला दिसला. नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचाही संबंध आढळला, ओझोनचा मात्र अगदी क्षीण. ही तफावत काही अंशी मोजणीतून येते. बॉस्टनमध्ये लक्षणे नेमकी कोणत्या तासाला सुरू झाली हे नोंदींतून काढले होते, तर बहुतेक अभ्यासांना रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखेवर भागवावे लागते, आणि झटका व दाखल होणे यांत एखादा दिवस गेला तर खरा संबंध पुसट होतो. मला स्वतःला मोठ्या संकलनाचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो, पण तो खऱ्या परिणामापेक्षा थोडा कमी असण्याची शक्यताही दिसते. शिवाय एक टक्का एका व्यक्तीसाठी नगण्य असला, तरी कोट्यवधी लोक एकाच वेळी तीच हवा घेत असतील तर तो तसा राहत नाही.

शरीरात नेमके काय घडते, याचा अंदाज प्रयोगांतून येतो. निरोगी स्वयंसेवकांना नियंत्रित कक्षात विरळ केलेला डिझेलचा धूर एक-दोन तास दिला असता त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली आणि रक्तात गुठळी अधिक सहज बनू लागली. फुप्फुसात दाह सुरू होतो, स्वायत्त मज्जासंस्था चाळवली जाते, रक्तदाब किंचित चढतो. निरोगी धमन्या हे सहन करतात. ज्यांच्या धमन्यांत आधीच चरबीचे थर साचलेले आहेत, त्यांना तेवढे निमित्तही पुरू शकते.

म्हणूनच ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो, त्यांनी हवा खराब असलेल्या दिवसांत औषधाची गोळी चुकवू नये आणि वर्दळीच्या रस्त्याकडेने वेगाने चालण्याचा व्यायाम टाळावा. निर्देशांक पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पीएम २.५ साठी तो चोवीस तासांच्या सरासरीवर बेतलेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात जमिनीलगत अडकून राहिलेल्या सकाळच्या धुराचे शिखर त्या सरासरीत सपाट होऊन जाते. बाहेर पडण्याची वेळ ठरवायची असेल, तर हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्राचा तासागणिक आकडा पाहणे अधिक उपयोगाचे.