बागेत खणताना गोल बेडूक निघाला तर

(बागकामाच्या आमच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल-मेमध्ये लॉनची माती हलवताना किंवा झाडांसाठी खड्डे घेताना कधी कधी गुबगुबीत, मातकट रंगाचा बेडूक निघतो. ‘पाण्याचा थेंब नाही आणि हा कुठून आला?’ असं ग्राहक हमखास विचारतात.

तो तिथेच राहतो. स्फेरोथेका प्रजातीतले हे जमीन खणणारे बेडूक जेमतेम ५-६ सेंटिमीटरचे असतात. त्यातल्या ‘पश्चिमा’ या जातीची पश्चिम भारतातून शास्त्रीय नोंद झाली ती अगदी अलीकडे, २०१७ मध्ये.

याच्या मागच्या पायाच्या तळव्याला, आतल्या बाजूला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती बाजूला सारत तो उलटा, म्हणजे पार्श्वभागाकडून खाली जातो. अंग डावी-उजवीकडे हलवत तो बुडत जातो, शेवटी फक्त डोळे उरतात, मग तेही जातात आणि वरून माती ढासळून जागा बुजते. बीळ म्हणून काही दिसतच नाही. त्यामुळे पॉवर टिलर फिरवला की तो न दिसताच कापला जातो. म्हणून जुन्या, मोकळ्या मातीच्या बागेत आम्ही पहिली खणणी हातानेच करतो. वेळ जास्त लागतो, पण त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

बेडूक दिसला तर कामगारांना हाक मारा. स्वतः उचलायचा असेल तर हात ओले करून घ्या आणि नंतर साबणाने धुवा. तो चावत नाही. जवळच सावलीत, ओलसर भुसभुशीत मातीवर ठेवला की तो आपला आपण खाली जातो. विहिरीत किंवा टाकीत मात्र सोडू नका. उभ्या भिंतीवरून त्याला बाहेर येता येत नाही.

वाळवीच्या औषधाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: सबंध आवारात ते ओतू नये. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, त्याबरोबर औषधही अंगात जातं. शिवाय वाळवी हे त्याचं आवडतं खाणं. लाकूडकाम आणि पाया यांच्यापुरतंच औषध मारू, बाकी माती तशीच ठेवू.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हे बेडूक वर येतात, नर रात्रभर ओरडतात आणि साचलेल्या डबक्यात माद्या अंडी घालतात. त्या डबक्यात रॉकेल किंवा फिनेल टाकू नका. पिल्लं काही आठवड्यांत पाण्याबाहेर पडतात. डासांची काळजी वाटत असेल तर कुंड्यांखालच्या बशा, टायर, डबे रिकामे करा. ते जास्त उपयोगाचं आहे.

सगळं आवार पेव्हर ब्लॉकने झाकायचा विचार असेल तर निदान कुंपणालगत हातभर रुंदीची मातीची पट्टी मोकळी सोडा. कोटेशन घेतानाच तसं सांगितलंत तर नकाशात ती धरता येते.