अंगणवाडी मदतनीस भरती: अर्ज नेमका कुठे अडतो

मदतनीस म्हणजे फक्त झाडलोट आणि खाऊवाटप, असं समजून अर्ज करणाऱ्या बऱ्याच असतात. प्रत्यक्षात सेविका बैठकीला, लसीकरणाला किंवा रजेवर गेली की तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं मदतनीस एकटीच सांभाळते. 2024 च्या वाढीनंतर तिचं मानधन दरमहा 7,500 रुपये आहे, सेविकेचं 13,000, वर कामानुसार प्रोत्साहन भत्ता. ही मानधनी जागा आहे, शासकीय नोकरी नव्हे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

पात्रता थोडक्यात: बारावी उत्तीर्ण, वय 18 ते 35 (विधवांसाठी 40), दोनपेक्षा जास्त हयात अपत्ये नाहीत, आणि स्थानिक रहिवासी. निवड कागदपत्रांवरच्या गुणांनी होते, मुलाखत नसते. त्यामुळे जो कागद अर्जासोबत नाही त्याचे गुण गेलेच. "साहेब, नंतर आणून देते" याला इथे अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोळ "स्थानिक" या शब्दावर होतो. अंगणवाड्या बालविकास प्रकल्पांत, म्हणजे योजनेच्या भागवार विभागांत, वाटलेल्या असतात. ग्रामीण प्रकल्पात (ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाडकडे) त्याचा अर्थ त्याच महसुली गावातली, त्यात वाड्या-पाडे आले. शहरी प्रकल्पात हद्द कुठली धरायची ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, ती ओळ दोनदा वाचा. आणि आपल्याकडे "नवी मुंबई" हा शब्दच फसवा आहे. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यावर "नवी मुंबई" छापलेलं आहे म्हणून खारघरच्या बाईने बेलापूरच्या जागेसाठी अर्ज टाकला, तर तो छाननीच्या पहिल्याच फेरीत बाजूला पडतो.

दुसरा गैरसमज डोमिसाइलचा. डोमिसाइल तुम्ही महाराष्ट्राच्या रहिवासी आहात एवढंच सांगतं, त्या प्रभागाच्या आहात हे नाही. जाहिरातीत रहिवासी दाखला मागितला असेल तर तो सहसा तहसील कार्यालयाचा लागतो, आणि आपले सरकार केंद्रातून काढता येतो. नगरसेवकाच्या लेटरहेडवरच्या पत्राला छाननीत कोणी विचारत नाही. भाड्याने राहणाऱ्यांची खरी पंचाईत होते: मालक नोंदणीकृत करार करून देत नाही, वीजबिल त्याच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. जाहिरात सहसा दहा-पंधरा दिवसांची मुदत देते, तेवढ्यात हे सगळं उभं राहत नाही. तेव्हा आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव आजच बदलून घ्या, जाहिरात यायची वाट बघू नका.

नावाचा गुंता तितकाच जुना. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत लावली की प्रश्न मिटतो. लग्नाची पत्रिका जोडणाऱ्या अजूनही सापडतात, ती कृपा करून जोडू नका. जातीचं प्रमाणपत्र वडिलांच्या बाजूचं लागतं, नवऱ्याचं चालत नाही. परराज्यातून मिळालेल्या प्रमाणपत्राचे इथे गुण मिळत नाहीत.

बारावीची गुणपत्रिका लावा, नुसतं उत्तीर्ण प्रमाणपत्र नको, कारण मुख्य गुण टक्क्यांवर आहेत. पदवीच्या गुणपत्रिकेवर सीजीपीआय असेल तर टक्केवारीत रूपांतर करून देणारा कॉलेजचा कागदही सोबत द्या. संगणकासाठी एमएस-सीआयटी. गल्लीतल्या क्लासचं चकचकीत प्रमाणपत्र कितीही सुंदर असलं तरी उपयोग नाही. अनुभवाचे गुण अंगणवाडीतल्या कामाला आहेत, खासगी नर्सरी किंवा प्लेग्रुपमधल्या वर्षांना नाहीत. पाच-सहा वर्षं नर्सरीत लहान मुलं सांभाळलेल्या बाईला हे ऐकवणं जिवावर येतं, पण नियम तसा आहे.

मुंब्रा-कौसासारख्या भागात एखाद्या अंगणवाडीत निम्म्याहून अधिक मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तर ती भाषा येणं आवश्यक असतं. कुठल्या अंगणवाडीला ही अट आहे ते पाहूनच अर्ज भरा.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, असल्यास पतीचा मृत्यू दाखला, फोटो: हे नेहमीचे. झेरॉक्सवर साक्षांकन विसरू नका.

मुदतीबद्दल एकच. शेवटची तारीख म्हणजे अर्ज कार्यालयात पोहोचण्याची तारीख, पोस्टात टाकण्याची नव्हे. शासकीय कार्यालयं शनिवारी बंद असतात आणि वेळ सायंकाळी 6:15 पर्यंत, म्हणून सोमवारची मुदत असली तर शुक्रवारीच प्रकल्प कार्यालयात जा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्राथमिक गुणवत्ता यादी लागल्यावर हरकत घ्यायला दिलेले दिवस मोजकेच असतात आणि तेव्हा हीच पोच मागतात.

आधीपासून मदतनीस असलेल्यांसाठी: दोन वर्षांची सेवा आणि बारावी असेल तर सेविकेच्या रिकाम्या जागेवर तुमचा विचार आधी होतो. दहावीवर थांबलेल्यांनी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करावी. फॉर्मची मुदत परीक्षेच्या बऱ्याच महिने आधी संपते, त्यामुळे जून-जुलैपासूनच मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.