घर वर, गोठा खाली : चिखली-आंबेवाडीच्या पुनर्वसनाची पार्श्वभूमी

दर पुरानंतर कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडी या गावांबद्दल एकच प्रश्न कानावर येतो. वर सोनतळीच्या माळावर प्लॉट मिळालेत, मग ही माणसं अजून खाली का राहतात? यात थोडा रागही असतो, कारण बोटी पाठवाव्या लागतात. पण विचारणाऱ्याने ‘पुनर्वसन’ या शब्दाचा अर्थ घर एवढाच धरलेला असतो.

जुनं फार उगाळत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळापाठोपाठ कोल्हापुरात प्लेग आला आणि माणसं घरं सोडून शहराबाहेर झोपड्यांत राहिली. साथ गेली, तशी माणसं घरी परतली.

१९८९ चा पूर मात्र आजच्या वादाचं मूळ आहे. त्यानंतर या दोन गावांसाठी सोनतळीचा माळ ठरला. जागा उंच, गावापासून फार लांब नाही. संस्थानकाळात छत्रपतींचा कॅम्प तिथंच असायचा. जागेची निवड चुकली असं म्हणता येणार नाही. गल्लत झाली ती शब्दात. कागदावर ‘पुनर्वसन’ लिहिलं गेलं आणि हातात आला प्लॉट.

चिखलीजवळ नद्यांचा संगम आहे. पूर तिथं पहिला शिरतो तो त्यामुळेच, आणि रान कसदार आहे तेही त्याच गाळामुळे. ऊस खाली, वैरण खाली, पाणी खाली. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, दूध वेळेत डेअरीला घालावं लागतं. गोठा खाली आणि झोपायला माळावर, असा संसार दोन दिवस चालेल, बारा महिने नाही. शिवाय ज्या घराला तेव्हा एक प्लॉट पुरला, त्या घरात पुढे भाऊ वाटण्या करून वेगळे झाले. म्हणून वरचं घर अडीअडचणीचं आणि खालचं राहतं, अशी वहिवाट पडली. माझ्या मते १९८९ नंतर झालं त्याला स्थलांतराची सोय म्हणावं. पोटापाण्याचं वसन झालंच नाही, तर ‘पुनर्’ कशाचं?

२००५ च्या पुरात हेच पुन्हा घडलं. मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. मदतीत दोन दिवस पाण्याखाली असलेल्या कुटुंबांना १० किलो गहू, १० किलो तांदूळ ही अट गाजली. पाणी ४७ तास राहिलं तर चूल पेटते का, हा लोकांचा सवाल रास्तच होता. सानुग्रह अनुदान गावात १० हजार, शहरात १५ हजार. पडलेल्या घरांसाठी भाडं गावात २४ हजार, शहरात ३६ हजार. एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. लहान दुकानदार-व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार. धंदा बुडाल्याची वेगळी मोजदाद इथं झाली, हे मला त्या निर्णयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. रक्कम मात्र तुटपुंजी.

कोल्हापूर शहरातल्या कुंभार गल्ल्यांकडे पाहिलं की ते कळतं. शाहूपुरी आणि बापट कॅम्पात पाणी शिरलं तेव्हा गणेश चतुर्थी महिन्यावरही नव्हती. मूर्ती तयार होत्या, काही रंगवून झाल्या होत्या. कुंभाराचं वर्षाचं उत्पन्न त्या एका महिन्यात येतं. भिजलेली शाडू पुन्हा मळता येते, पण गेलेला हंगाम परत येत नाही. पुढच्या वर्षी कोरोनाने सार्वजनिक मूर्तींवर ४ फुटांची मर्यादा आली आणि मोठ्या मूर्तींचं काम बसलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. एका पुराचं कर्ज फिटायच्या आत दुसरा.

२०२१ च्या मदतीत दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्यांना १० हजार, असं धंद्याचं खातं पुन्हा आलं. दुभत्या जनावरामागे ४० हजार धरले गेले, पण मेलेल्या जनावरामागे. जगलेल्या म्हशीला वर बांधायला जागा द्यायची, हा विषय अजूनही सोनतळीच्या माळावर तसाच पडून आहे. पाणी चढायला लागलं की चिखलीतली माणसं आधी दावी सोडतात.