कंदिलापुरताच उजेड

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलला मी पहिला दिवा बसवला तो ३ मिलिमीटरचा पांढरा एलईडी होता. त्याला प्रवाह आवरणारा एक किलोओहमचा रेझिस्टर आणि रुळांतून १२ व्होल्ट. खोली अंधारी केली, वीज सोडली आणि समोरच्या भिंतीवर निळसर पांढरा झोत पडला. बॉयलरचं पातळ प्लॅस्टिक आतून उजळलं, धुराड्याच्या तोंडातूनही उजेड वर आला. जोडणी अगदी बरोबर होती, पण समोर उभं होतं ते वाफेचं इंजिन वाटत नव्हतं. कितीतरी वेळ मी त्याच्याकडे बघत बसलो आणि मग लक्षात आलं की चाकं, पायऱ्या, रिव्हेट सगळं मापात लहान केलेलं आहे, फक्त उजेड तेवढा मी मोठाच ठेवलाय.

एचओ या मापात मॉडेल खऱ्या गाडीच्या ८७ व्या भागाचं असतं आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. या मापात उजेड किती लहान व्हायला हवा, हे काढता येतं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की पडणारा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. हाच नियम उलटा लावू. खऱ्या इंजिनापुढे १०० मीटरवरचा स्लीपर जेवढा उजळतो तेवढाच मॉडेलपुढे ११५ सेंटिमीटरवरचा स्लीपर उजळायला हवा असेल, तर दिव्याची तीव्रता ८७ गुणिले ८७, म्हणजे ७,५६९ पटींनी कमी हवी.

आता खरा दिवा कसा होता ते पाहू. रेल्वेच्या अगदी सुरुवातीला रात्री गाड्या फारशा चालतच नसत. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या रेल्वेवर होरेशियो ॲलन या इंजिनिअरने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रयोग केला. इंजिनाच्या पुढे एक उघडा सपाट डबा ढकलत न्यायचा, त्यावर वाळूचा थर टाकायचा आणि वाळूवर पाइनच्या राळभरल्या लाकडांची शेकोटी पेटवायची. हेडलाइटची सुरुवात झाली ती अशी. पुढे तेलाचे दिवे आले, ॲसिटिलीन आलं आणि मग विजेचे दिवे. बॉयलरवर एक छोटी टर्बाइन बसवायची, तिला बॉयलरचीच वाफ द्यायची आणि तिने डायनॅमो फिरवायचा. अमेरिकी इंजिनांवर ही वीज ३२ व्होल्टची असे.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी होती. तिथे इंजिनावरचे तेलाचे कंदील रूळ दिसावेत म्हणून नसतच, ते गाडी कोणती हे ओळखू यावं म्हणून असत. दोन्ही बफरांच्या (धक्का झेलणाऱ्या दांड्यांच्या) वर एकेक कंदील असला तर एक्सप्रेस, धुराड्याच्या पायाशी एकच असला तर थांबत जाणारी पॅसेंजर. सिग्नलच्या केबिनमधला माणूस कंदिलांच्या जागा बघून कोणती गाडी येतेय ते सांगू शकायचा. म्हणून मॉडेलला दिवे लावण्याआधी ते इंजिन कुठलं, कोणत्या काळातलं आणि कोणती गाडी ओढतंय हे ठरवावं लागतं. चुकीच्या जागी पेटवलेला कंदील जाणकाराला लगेच खुपतो.

कँडेला हे तीव्रतेचं एकक. त्याचा अर्थच मेणबत्ती, आणि साध्या मेणबत्तीचा उजेड साधारण एक कँडेला भरतो. भिंगासकट कंदिलाचा उजेड दहा मेणबत्त्यांइतका धरला, तरी त्याला ७,५६९ ने भागल्यावर उरतो १.३ मिलिकँडेला. साधा पांढरा एलईडी २० मिलिॲम्पिअरवर शेकडो मिलिकँडेला देतो. याउलट आजच्या अमेरिकी नियमांत मुख्य मार्गावरच्या इंजिनाचा हेडलाइट किमान २ लाख कँडेलाचा लागतो. तो मापात उतरवला तर २६ कँडेला येतात, म्हणजे अरुंद झोताचा प्रखर एलईडीही कमीच पडेल. एकाच मापात एका दिव्याला एलईडी पूर्ण ताकदीने हवा आणि दुसऱ्याला जवळजवळ विझलेला. बाजारात तयार मिळणारी दिव्यांची जोडणी या दोघांना एकाच तराजूत तोलते, ही माझी जुनी तक्रार आहे.

अर्थात हिशेबाला शंभर टक्के चिकटून राहिलं तर खोलीतल्या उजेडात कंदील दिसणारच नाही. खरा कंदीलही भर दुपारी पेटलाय की नाही ते कळत नाही, पण मॉडेल आपण बहुतेक वेळा उजेडातच पाहतो. म्हणून मी मधला मार्ग काढतो. १२ व्होल्टमधून एलईडीचे पावणेतीन व्होल्ट वजा केले की सव्वानऊ उरतात. १० किलोओहमचा रेझिस्टर लावला तर प्रवाह जेमतेम एक मिलिॲम्पिअर होतो, २२ किलोओहमचा लावला तर अर्ध्याहूनही कमी. रेझिस्टर निवडताना दुपटीतिपटीने वर चढत जावं. डोळा उजेडातला फरक पटींमध्ये ओळखतो. एक किलोओहमचा दीड केला तर नजरेला फारसं काही कळत नाही.

मंद केल्यावरही एक गोष्ट सुधारत नाही ती रंगाची. तारेचा बल्ब मंद केला की तार थंड होते आणि उजेड आपोआप तांबूस होतो. एलईडीचं तसं नसतं. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी. त्यावर पिवळसर उजेड देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो, आणि थरातून निसटलेला निळा व थराचा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. (हा निळा एलईडी घडवण्यासाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) प्रवाह कितीही कमी केला तरी या मिश्रणाचं प्रमाण जवळपास तेच राहतं. तेलाच्या ज्योतीचं रंगतापमान (हा आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस) १,९०० केल्व्हिनच्या आसपास असतं आणि बाजारातला उबदार पांढरा एलईडी २,७०० ते ३,००० चा. उरलेलं अंतर मी पारदर्शक नारिंगी रंगाच्या एका थराने भरून काढतो. रंगाचा एक थेंब एलईडीच्या तोंडावर ठेवायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा.

आता विजेकडे. साध्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, मांडणीत रुळांतले धन आणि ऋण बदलले की गाडीची दिशा बदलते. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे पुढे जाताना पुढचा दिवा आणि मागे जाताना टेंडरचा (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याचा) दिवा, ही व्यवस्था वेगळं काही न करता मिळते. फक्त एक सांभाळावं लागतं. उलट्या दिशेने बहुतेक एलईडी ५ व्होल्टच्या आसपासच सहन करतात आणि रुळांत तर १२ आहेत. यावर मला फार आवडणारा उपाय आहे. पुढचा आणि मागचा एलईडी एकमेकांच्या उलट, समांतर जोडायचे आणि दोघांना मिळून एकच रेझिस्टर द्यायचा. पेटलेला एलईडी आपल्या दोन टोकांवर तीन व्होल्टच ठेवतो, म्हणून विझलेल्यावर उलटे तीन व्होल्टच येतात. जो पेटलाय तो दुसऱ्याला राखतो. दिवा एकच असेल तर मालिकेत १एन४१४८ सारखा छोटा डायोड घालावा.

डीसीमधली अडचण अशी की गाडी थांबली की दिवाही जातो, आणि स्टेशनात उभं असलेलं इंजिन अंधारात राहतं. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी, या पद्धतीत ती अडचण नाही. जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या तंत्रावरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिचं मानक बनवलं. रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतं. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असेल तर तो १, सुमारे १०० किंवा त्याहून लांब असेल तर ०. इंजिनातला डीकोडर हे वाचून मोटर आणि दिवे चालवतो. त्याची निळी तार दिव्यांचा सामाईक धन, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. रेझिस्टर इथेही लागतोच.

मग येतं मिणमिणणं. रुळावर धुळीचा एक कण आला तरी चाकाचा संपर्क काही मिलिसेकंद तुटतो. बल्बची तार तापलेली असते, ती तेवढ्यात विझत नाही. एलईडी मात्र क्षणाच्याही आत विझतो, त्यामुळे बल्ब जे लपवायचा ते सगळं तो उघडं करतो. यावर इलाज कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग. तो किती वेळ तग धरेल हे रेझिस्टर गुणिले धारकता यावर ठरतं. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक किलोओहमबरोबर पावसेकंदही धड पुरत नाही, पण १० किलोओहमबरोबर दोन सेकंदांहून जास्त टिकतो. कंदील मंद ठेवल्याचा हा दुसरा फायदा, टेंडरमध्ये मावेल एवढा छोटा कपॅसिटर पुरतो. डीसीसीसाठी तो २५ व्होल्टचा घ्यावा, १६ चा काठावर येतो. आणि डीसी मांडणीत धन-ऋण उलटतं म्हणून त्याच्या आधी ब्रिज रेक्टिफायर (वीज कुठूनही आली तरी एकाच दिशेने पुढे देणारा भाग) हवा, नाहीतर दिशा बदलताच कपॅसिटर फुगतो. अर्थात रेक्टिफायर आला की दिवे दोन्ही दिशांना पेटतात, दिशेप्रमाणे पेटणं जातं.

प्रत्यक्ष कामातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ०६०३ एलईडीला तारा जोडणं. नावातले आकडे इंचाच्या शतांशांचे आहेत, म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, तिळापेक्षाही लहान. दुतर्फी चिकटपट्टीवर तो उलटा ठेवायचा, पाठीवरची छोटी हिरवी खूण ऋण टोक कुठलं ते सांगते. ०.१ मिलिमीटरच्या एनॅमल तारेचं टोक सुमारे ४०० अंशांच्या सोल्डरिंग आयर्नवरच्या थेंबात बुडवायचं. एनॅमल जळून एक बारीक धुराची रेघ उठते आणि टोक चकचकीत होतं. मग एलईडीच्या टोकावर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरायला मदत करणाऱ्या द्रव्याचा) ठिपका, त्यावर तार, आणि आयर्नचा एक सेकंदाचा स्पर्श. दोन सेकंद झाले की आतला जोड सुटतो. हे मी तीन एलईडी घालवून शिकलो. प्रत्येक जोडणीनंतर मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर एलईडी पेटवून बघायचा आणि मगच पुढे जायचं.

जिथे हाही मावत नाही, अशा कंदिलात अर्ध्या मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा प्रकाशतंतू जातो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ आहे, त्यामुळे काठावर लंबाशी ४२ अंशांहून तिरका येणारा किरण बाहेर न पडता आतच परावर्तित होतो आणि तंतूभर पुढे सरकत राहतो. वळण फार तीव्र घेतलं तर मात्र उजेड तिथेच गळतो. तंतूचं टोक गरम आयर्नजवळ, न टेकवता, धरलं की ते फुलून त्याचा गोल घुमट होतो. हाच कंदिलाचा भिंग! एलईडी बॉयलरच्या पोटात बसतो आणि बाहेर फक्त हा घुमट दिसतो. बॉयलर आतून काळ्या रंगाचे दोन हात देऊन घेतला की पहिल्या दिवशी मला दिसलेली ती उजळलेली कवचं दिसत नाहीत. कवच धातूचं असेल तर प्रत्येक उघड्या जोडावर उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप लावावी, कारण कवच अनेकदा एका रुळाशी जोडलेलं असतं.

शेवटी मी भट्टीचा दिवा लावतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. कोळशाची आग सुमारे १,३०० अंश सेल्सिअसची असते. त्या तापमानाला तिचा सर्वाधिक उजेड १.८ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात पडतो. आपल्याला दिसते ती फक्त त्याची शेपूट, लाल आणि नारिंगी. म्हणून इथे पांढरा एलईडी वापरतच नाही. एक लाल, दोन अंबर, आणि त्यांना वेगवेगळं लुकलुकवणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक.

पण लुकलुकणं कसंही चालत नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा धुराड्यातून सुटते. प्रत्येक फुसकाऱ्याबरोबर भट्टीतून हवा ओढली जाते आणि निखारे उजळतात. मॉडेलचा वेग मापात असला तर वेगही ८७ पटींनी कमी आणि चाकाचा घेरही तेवढाच कमी, त्यामुळे चाकाचे फेरे सेकंदाला खऱ्या इंजिनाइतकेच होतात. वेळेला माप लागत नाही. दीड मीटर व्यासाच्या चाकाचं इंजिन ताशी २० किलोमीटरने चाललं असेल तर सेकंदाला साधारण पाच फुसकारे होतात, ताशी ६० ला चौदा, आणि तिथे ते डोळ्याला एकेक करून मोजता येत नाहीत. म्हणून गाडी सुटताना मी चारचा ताल ठेवतो, वेग वाढला की तो विरत जाऊ देतो, आणि इंजिन उभं असताना नुसती संथ, अनियमित धग. त्यात अधूनमधून अंबर दिवे दोन सेकंद पूर्ण पेटतात. फायरमनने कोळसा टाकायला भट्टीचं दार उघडलेलं असतं, आणि तेवढा वेळ ड्रायव्हरची पाठ आणि कॅबचं छत तांबूस दिसतं.