बांधकाम परवानगी (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे आणि नवी मुंबईत घर नव्याने बांधायचे असेल, जुने पाडून पुन्हा उभे करायचे असेल किंवा असलेल्या घरावर मजला चढवायचा असेल, तर नियोजन प्राधिकरणाकडून, म्हणजे त्या भागातल्या बांधकामांवर अधिकार असलेल्या संस्थेकडून, आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. तिचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. लोक ज्याला ‘प्लॅन पास झाला’ म्हणतात ती या वाटेवरची मधली पायरी आहे. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (ओ.सी.), म्हणजे इमारत वापरायला हरकत नसल्याचा दाखला, हाती आले की मगच परवानगी पूर्ण झाली असे कायदा मानतो.

अर्ज कोणाकडे करायचा

या परिसरात पहिला प्रश्न नकाशाचा नसून जमिनीचा असतो. ठाणे महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. तिच्या हद्दीत, म्हणजे नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडच्या कळवा, मुंब्रा, दिवा भागात, परवानगी महापालिकेचा शहर विकास विभाग देतो. भिवंडीच्या बाजूच्या कशेळी-काल्हेरला फक्त खाडी आडवी आहे, पण तिकडे गेले की प्राधिकरण बदलते आणि अर्ज एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) जातो.

नवी मुंबईत गुंता जास्त आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आहे आणि वाशी, नेरूळ, ऐरोली अशा उपनगरांत बांधकाम परवानगी तिचा नगररचना विभाग देतो. सिडकोने दिलेल्या भूखंडाची मालकी मात्र सहसा सिडकोकडेच राहते. घरमालकाकडे भाडेपट्टा असतो. त्यामुळे महापालिकेकडे जाण्याआधी सिडकोची ना-हरकत लागते आणि करारातल्या अटी, उदाहरणार्थ वापर कोणता किंवा बांधकाम किती वर्षांत पुरे करायचे, नकाशाइतक्याच बंधनकारक असतात. उलवे, द्रोणागिरीसारख्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांत, जमीनही सिडकोची आणि परवानगीही सिडकोची. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एमआयडीसीच्या (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) जमिनीवर एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे. चुकीच्या कार्यालयाने दिलेला कागद कितीही शिक्क्यांचा असला तरी निरुपयोगी ठरतो. म्हणून आर्किटेक्ट नेमण्याआधी हा उलगडा झालेला बरा.

कागद आणि नकाशा

अर्ज मालकाच्या नावाने असतो, पण तो नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत ऑनलाइन दाखल करावा लागतो. सोबत सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, विकास योजनेत जमीन कोणत्या विभागात आहे आणि तिच्यावर रस्ता किंवा आरक्षण आहे का हे सांगणारा अभिप्राय, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे हमीपत्र जोडतात. हा भाग भूकंप क्षेत्र ३ मध्ये येत असल्याने शेवटचा कागद नुसती औपचारिकता समजू नये. बरेच अर्ज मोजणीवर अडतात. कागदावरचे क्षेत्र आणि कुंपणाच्या आतले क्षेत्र जुळत नाही, किंवा मयत आजोबांचे नाव उताऱ्यावर तसेच राहिलेले असते आणि सगळ्या वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. अशा घरांत वारसनोंद आधी करून घेतल्यास बराच काळ वाचतो.

मुंबई महापालिका आणि काही खास क्षेत्रे सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका तिच्याखाली येतात. चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते), भोवताली सोडायची सामासिक अंतरे, उंची, जिन्याची रुंदी, पार्किंग हे सगळे ती ठरवते. पूर्वी बाल्कनी चटई क्षेत्रातून वगळून नंतर ती खोलीत घेण्याची पद्धत सर्रास होती. आता बाल्कनीही चटई क्षेत्रात धरली जाते. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांसाठी नियमावलीने सोपी वाट ठेवली आहे. आर्किटेक्ट किंवा अभियंत्याने नियमांनुसार असल्याचे प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरले की त्याची पावती परवानगीसारखी चालते. सवलत फक्त छाननीत आहे, नियमांत नाही. अंतर कमी सोडले तर तेही बांधकाम अनधिकृतच ठरते.

जागेनुसार आणखी ना-हरकती लागतात. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, खाडीकाठी सागरी किनारा नियमन, कोलशेतजवळ हवाई दलाचे ठाणे, नवी मुंबईत विमानतळामुळे उंचीची मर्यादा. दुमजली घराला यांतले बरेच काही लागू होत नाही, पण खाडीकाठच्या किनारा नियमनाची रेषा एकमजली घरालाही सोडत नाही.

रंगकाम, गिलावा, लादी बदलणे, कौले फेरणे अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. भिंत हलवून खोली वाढवणे, गच्चीवर खोली घालणे किंवा पत्र्याच्या जागी स्लॅब टाकणे यांना लागते.

शुल्क, मुदत, दाखले

छाननी शुल्क, अधिनियमाखालचे विकास शुल्क, जादा चटई क्षेत्रावरचे अधिमूल्य (प्रीमियम) आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर हे प्रमुख खर्च. ठरावीक खर्चमर्यादेतल्या, स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराला उपकर माफ आहे.

प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे कायद्याने मानले जाते. या मानीव परवानगीच्या भरवशावर अनेकांनी पाया खणला आहे. तिची अट मात्र फारसे कोणी सांगत नाही. नकाशा विकास योजना आणि नियमावली यांच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर ते बांधकाम विनापरवाना धरले जाते. शिवाय प्राधिकरणाने त्रुटी कळवलेली असेल तर ही मुदत तिच्या पूर्ततेनंतर मोजली जाते. परवानगी नाकारल्यास ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

मंजुरीबरोबर मिळणारे प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सी.सी., एक वर्ष टिकते. मागणी केल्यास मुदतवाढ वर्षावर्षाने, जास्तीत जास्त तीनदा मिळते. पाया जमिनीच्या वर आला की जोते तपासणी होते. मोजणीतली चूक दुरुस्त करायची हीच वेळ असते, कारण पुढे स्लॅब पडल्यावर अर्धा फूटही मागे सरकवता येत नाही. काम संपल्यावर आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्र मागतात. बरीच घरे इथेच अडकतात. बांधता बांधता जिना फिरवलेला असतो, गॅलरी बंद केलेली असते, आणि सुधारित नकाशा कोणी दाखल केलेला नसतो. मग घर वर्षानुवर्षे ओ.सी.विना राहते, आणि विकताना किंवा कर्ज घेताना त्याचा खरा त्रास कळतो.

गावठाणे आणि गरजेपोटीची घरे

नवी मुंबईच्या मूळ गावांची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून न घेता ‘अनधिकृत’ हा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. आगरी-कोळी कुटुंबांची शेते आणि मिठागरे शहरासाठी संपादित झाली, पण गावठाणांची हद्द कुटुंबांच्या वाढीबरोबर वाढली नाही. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. भूखंड मिळेपर्यंत मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि वाडवडिलांच्या घराशेजारी परवानगीशिवाय खोल्या उठल्या. यांनाच गरजेपोटी बांधलेली घरे म्हणतात. गावठाणापासून २५० मीटरच्या परिघातील अशी बांधकामे भाडेपट्ट्याने नियमित करण्याचा निर्णय शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला. मात्र याच गावांत बाहेरच्या व्यावसायिकांनी उभारलेल्या पाच-सहा मजली इमारतीही आहेत. गरजेच्या नावाखाली त्यांना जागा देणे भूमिपुत्रांच्याच मागणीला मारक ठरते.

परवानगीविना बांधकाम

४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण ठार झाले. त्यांत बांधकाम मजुरांची कुटुंबे आणि मुले होती. काम पुरे होण्याआधीच तिथे लोक राहायला आले होते. जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र या पायऱ्या कशासाठी आहेत हे या घटनेइतके दुसरे काही सांगत नाही.

अनधिकृत बांधकामावर महापालिका मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती (दंड) लावू शकते. कर आणि शास्ती भरल्याची पावती, वीजबिल किंवा नळजोडणी यांपैकी कशानेही बांधकाम अधिकृत होत नाही, आणि ठाण्या-दिव्यात स्वस्त घर घेणाऱ्यांची फसवणूक बहुधा याच कागदांवर होते. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या वापरून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) नोंदणी मिळवली गेली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. घर घेणाऱ्याने प्रारंभ प्रमाणपत्राची झेरॉक्स पाहून थांबू नये. तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना किंवा शहर विकास विभागात खात्री करावी. तिथून दाद लागली नाही तर माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागता येते.