रॅमची नववी चिप

एम. जी. रोडवरच्या दुकानात मी ईसीसी रॅम (आपली चूक आपणच पकडून सुधारणारी संगणकाची मेमरी) मागितली, तेव्हा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “साहेब, ती सर्व्हरला लागते. तुम्हाला कशाला?” मला तर बागेचे आणि मालाचे जुने हिशेब ठेवायचे होते, बस्स.

समजा, लासलगावला कांद्याचा भाव निघाला क्विंटलला १,८५० रुपये. रॅममध्ये हा आकडा शून्य-एकांच्या ओळीत बसतो. त्यातलं ४,०९६ च्या घरातलं शून्य उलटून एक झालं की भाव ५,९४६. संगणक हूं की चूं करत नाही. तोच आकडा डिस्कवर उतरतो, बॅकअपही त्याचाच. संगणकावर मतदान झालेल्या २००३ च्या निवडणुकीत बेल्जियममधल्या स्कारबेकला एका उमेदवाराच्या नावावर नेमकी ४,०९६ मतं जादा पडली. शक्य होती त्याहून जास्त झाली, म्हणून निदान लक्षात आलं.

बिट, म्हणजे असं एखादं शून्य किंवा एक, उलटतो कशानं? अवकाशातले किरण वातावरणावर आदळून न्यूट्रॉन उडवतात आणि एखादा चिपमध्ये घुसतो. (उंचीबरोबर हे वाढतं, म्हणजे मुंबईपेक्षा नाशकात जरा जास्तच.) पण सगळं खापर आभाळावर फोडू नये. गूगलच्या सर्व्हरांच्या २००९ मधल्या अभ्यासात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये (रॅमच्या पट्ट्यांमध्ये) चुका आढळल्या आणि त्यातल्या बऱ्याच खुद्द स्टिकच्या दोषामुळे होत्या.

उपाय आपल्या मुनीमजींच्या वहीतलाच आहे. आडवी बेरीज, उभी बेरीज. एक आडवी आणि एक उभी ओळ जुळली नाही, की दोन्ही जिथे भेटतात तो आकडा चुकलेला. बिटच्या बाबतीत दुरुस्ती तर आणखी सोपी, कारण चुकला असेल तर फक्त उलटायचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतल्या गणितज्ञ रिचर्ड हॅमिंगचं शनिवार-रविवारी यंत्रावर लावलेलं काम चूक निघताच बंद पडायचं. चूक कळते, मग सुधारत का नाही, या वैतागातून त्यानं १९५० मध्ये आपली पद्धत मांडली. ६४ बिट आठ बाय आठ मांडले तर बेरजांनाच १६ बिट जातात; हॅमिंगच्या पद्धतीत एक जादा बिट धरून ८ पुरतात. एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर कळतात. डीडीआर-४ (रॅमची एक पिढी) च्या साध्या स्टिकच्या एका बाजूला आठ काळ्या चिप दिसतात, ईसीसीच्या स्टिकवर नववी असते ती यासाठी.

गेम खेळायला ही रॅम घेऊ नका, पैसे वाया. हिशेब, फोटो, जमिनीचे कागद वर्षानुवर्षं ज्या मशीनवर राहणार, तिथे मात्र घ्या. आधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही ईसीसी चालवतात का ते बघा. आणि पुढच्या पिढीच्या, डीडीआर-५ च्या साध्या स्टिकमध्ये “आतच ईसीसी असते” असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं: ती चिपच्या पोटातल्या चुका सांभाळते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही.